बाजारभावाचे तीन आकडे पुरत नाहीत: चतुर्थक, बॉक्स प्लॉट आणि कांद्याचा लिलाव

चाळकरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

रोज संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कांद्याचे भाव येतात. लासलगाव, पिंपळगाव, चांदवड, मनमाड. प्रत्येक बाजारापुढे आवक आणि तीन आकडे: किमान, कमाल, सर्वसाधारण. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर आणि केंद्राच्या ॲगमार्कनेटवरही हेच तीन. त्यावरून उद्या ट्रॅक्टर कुठं न्यायचा ते ठरतं, आणि बातमीत तर फक्त कमाल भाव झळकतो. माझं स्पष्ट मत आहे की या तीन आकड्यांवर बाजार निवडणं म्हणजे अंधारात चालणं आहे. का, ते दोन बाजार शेजारी ठेवून दाखवतो.

खालचे आकडे समजावण्यासाठी मी रचले आहेत, कुठल्या खऱ्या बाजाराचे नाहीत. प्रत्येक बाजारात ११ वक्कलं (एका बोलीत विकला जाणारा माल म्हणजे एक वक्कल), भाव रुपये प्रति क्विंटल, चढत्या क्रमाने:

बाजार अ: ६००, ९५०, ११००, ११५०, १२००, १२५०, १३००, १३५०, १४००, १५००, २४००

बाजार ब: ६००, ६५०, ७५०, ८००, ९५०, १२५०, १४५०, १६००, १८००, १९५०, २४००

किमान दोन्हीकडे ६००. कमाल दोन्हीकडे २४००. बेरीज दोन्हीकडे १४२००, म्हणजे सरासरीही एकच, सुमारे १२९१. मधोमध येणारा सहावा भाव, म्हणजे मध्यक, तोही दोन्हीकडे १२५०. सर्वसाधारण भाव सरासरीवरून धरा की मध्यकावरून, ग्रुपवर हे दोन बाजार अगदी जुळे दिसतील.

आता मध्यक बाजूला ठेवा. खाली पाच भाव उरतात, वर पाच. खालच्या पाचांतला मधला तो पहिला चतुर्थक, वरच्या पाचांतला मधला तो तिसरा.

अ मध्ये: ११०० आणि १४००.
ब मध्ये: ७५० आणि १८००.

म्हणजे अ मध्ये मधला निम्मा माल ३०० रुपयांच्या पट्ट्यात विकला गेला आणि ब मध्ये १०५० रुपयांच्या. ज्याला सोसायटीचा हप्ता भरायचाय त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. अ मध्ये गेलात तर बाराशेच्या आसपास मिळण्याची बऱ्यापैकी खात्री. ब मध्ये साडेसातशेही हातात पडू शकतात.

आलेखाच्या कागदावर काढून बघा. १ सेंमी म्हणजे २०० रुपये धरा. ६०० ते २४०० ही रेघ दोन्हींची ९ सेंमी. तिच्यावर पहिल्या चतुर्थकापासून तिसऱ्यापर्यंत पेटी काढा: अ ची पेटी जेमतेम दीड सेंमी रुंद, ब ची सव्वापाच. पेटीत १२५० वर उभी रेघ. एवढं झालं की बॉक्स प्लॉट तयार. एकदा तो समोर आला की दोन बाजार सारखे आहेत असं कुणी म्हणणार नाही.

अपर्णा

चांगला विषय काढलात दादा. एक शंका. ब ची पेटी मोठी, म्हणजे ब मध्ये जास्त माल आला असा अर्थ होतो का? चित्र बघून पहिल्यांदा तसंच वाटतं.

शुभदा_सातारा

अपर्णाताई, फार मोलाची शंका आहे. अकरावी वाणिज्यला मी शिकवते, दरवर्षी निम्म्या वर्गाला हेच वाटतं. आपल्याला स्तंभालेखाची सवय असते, तिथे उंच म्हणजे जास्त. बॉक्स प्लॉटमध्ये उलटं वाचायचं. खालची मिशी (पेटीच्या बाहेर जाणारी रेघ), पेटीचा खालचा भाग, पेटीचा वरचा भाग, वरची मिशी: या चारही तुकड्यांत साधारण पाव-पाव वक्कलंच असतात. तुकडा लांब असेल तर तेवढीच वक्कलं जास्त अंतरात पांगली आहेत, आखूड असेल तर ती दाटीनं बसली आहेत. रुंदी पांगापांग सांगते, संख्या सांगत नाही. म्हणून पेटीखाली वक्कलं किती ते लिहायलाच हवं. अकरा वक्कलांची पेटी आणि अकराशे वक्कलांची पेटी दिसायला सारखीच दिसते, पण भरवसा सारखा नसतो.

चाळकरींनी मिशांचा मुद्दा सोडला आहे, तो पुरा करते. मिशा सरसकट किमान-कमालपर्यंत न्यायच्या नसतात. दोन चतुर्थकांमधलं अंतर घ्यायचं, त्याची दीडपट करायची, आणि पेटीच्या दोन्ही बाजूंना तेवढ्यावर मनात कुंपण घालायचं. अ मध्ये अंतर ३००, दीडपट ४५०. खालचं कुंपण ११०० वजा ४५०, म्हणजे ६५०. वरचं १४०० अधिक ४५०, म्हणजे १८५०. कुंपणाच्या आत जो शेवटचा खरा भाव सापडेल तिथवर मिशी. म्हणून अ च्या मिशा ९५० पासून १५०० पर्यंतच. ६०० आणि २४०० कुंपणाबाहेर, ते सुटे ठिपके.

ब मध्ये अंतर १०५०, दीडपट १५७५. वरचं कुंपण ३३७५ वर जातं आणि खालचं शून्याच्याही खाली. तिथे एकही ठिपका सुटा पडत नाही, मिशा सरळ ६०० ते २४००.

आता गंमत बघा. २४०० हा तोच भाव. अ मध्ये तो एखाद्याच्या नशिबाचा आहे, ब मध्ये तो त्या बाजाराच्या नेहमीच्या विस्तारातला आहे. बातमीत मात्र दोन्हीकडे ‘कांद्याला कमाल २४००’.

हे चित्र आजच्या रूपात रूढ केलं अमेरिकेच्या जॉन टुकी यांनी. १९७७ च्या त्यांच्या पुस्तकातून ते सगळीकडे पोचलं. पण पट्टीवर मधला निम्मा भाग ठळक दाखवायची कल्पना त्याआधी १९५२ मध्ये मेरी एलेनॉर स्पिअर यांनी मांडली होती. त्यांचं नाव वर्गात मी मुद्दाम घेते.

नीलपेन

धागा वाचता वाचता अ चे आकडे एक्सेलमध्ये टाकले. क्वार्टाइलचं नेहमीचं सूत्र लावलं तर पहिला चतुर्थक ११२५ आला आणि तिसरा १३७५. तुमच्याकडे ११०० आणि १४००. मग त्याच फाइलमध्ये बॉक्स अँड व्हिस्कर चार्ट काढला, तर त्यावर ११०० आणि १४००! एकाच फाइलमध्ये सूत्र एक सांगतंय आणि चार्ट दुसरं. बरोबर कोण?

शुभदा_सातारा

दोघंही. चतुर्थक म्हणजे ‘पाव वाटेवरचा भाव’ हे सगळ्यांना मान्य आहे, पण ११ आकड्यांत पाव वाट नेमकी कुठे पडते याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. पाठ्यपुस्तकात आपण n मध्ये, म्हणजे आकड्यांच्या संख्येत, १ मिळवून ४ ने भागतो: १२ भागिले ४, म्हणजे तिसरा भाव, ११००. एक्सेलचं जुनं सूत्र पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंतच्या १० पावलांतली पाव, म्हणजे अडीच पावलं चालतं आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मधोमध थांबतं: ११२५. चार्ट मात्र मूळ सेटिंगमध्ये मध्यक वगळून दोन भाग करतो, म्हणून तो पाठ्यपुस्तकाशी जुळला. चार्टच्या सेटिंगमध्ये ‘मध्यक धरून’ असा पर्याय आहे, तो निवडलात तर सूत्राशी जुळेल. टुकी स्वतः मध्यक दोन्ही भागांत धरत, त्यांच्या रीतीनेही इथे ११२५ आणि १३७५ च येतात.

हाइंडमन आणि फॅन या दोघांनी १९९६ मध्ये संगणकीय पॅकेजांत वापरात असलेल्या रीतींची मोजदाद केली, तर त्या नऊ निघाल्या. घाबरू नका. ११२५ धरून कुंपण काढलं तरी ते ७५० आणि १७५० वर पडतं, ६०० आणि २४०० बाहेरच राहतात. निष्कर्ष तोच. आकडे शेकड्यांनी असले की रीतींमधला फरक नगण्य होतो. फक्त एक पथ्य पाळायचं: दोन बाजारांची तुलना करताना दोन्हींना एकच रीत.

गोदाकाठ

राम राम मंडळी. मास्तरीणबाईंनी फोड करून सांगितलं, समाधान वाटलं. आता शेतकऱ्याच्या बाजूनं एक बोलतो.

तुम्ही वक्कलं मोजताय. पैसा वक्कलावर मिळत नाही, क्विंटलवर मिळतो. लिलावात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असते तशी तीन क्विंटलची छोटी गाडीही असते. निवडक, एकसारखा, डबल पत्तीचा माल कुणी थोडाच आणतो, त्याला वरचा भाव फुटतो आणि तोच दिवसभर गाजतो. मागं वीस-वीस क्विंटलच्या ट्रॉल्या आठशे-हजारानं जातात, त्याचं कुणी नाव काढत नाही.

आकडे माझेही नमुन्याचेच धरा. पाच वाहनं:

८०० भावानं २० क्विंटल
१००० भावानं १८ क्विंटल
१२०० भावानं १५ क्विंटल
१४०० भावानं ४ क्विंटल
२००० भावानं ३ क्विंटल

वाहनं मोजली तर मधला भाव १२००. क्विंटल मोजले तर एकूण ६०, निम्मे झाले ३०. खालून मोजत या: ८०० ला २० झाले, १००० ला ३८. तिसावा क्विंटल हजारातच गेला. म्हणजे खरा मधला भाव १०००. क्विंटलमागं दोनशेचा फरक पडला, वीस क्विंटलच्या ट्रॉलीवर चार हजार. तुमची ती पेटी क्विंटलवर काढा, मग आम्ही मानू.

चाळकरी

काका, हा मुद्दा धाग्याच्या मुळाशी जातो, मनापासून आभार. तुमचेच आकडे पुढे नेले. पंधरावा क्विंटल ८०० मध्ये पडतो आणि पंचेचाळिसावा १२०० मध्ये. क्विंटलवर काढलेली पेटी ८०० ते १२००. वाहनांवर काढली असती तर खालच्या दोनांचा मध्य ९००, वरच्या दोनांचा १७००. केवढा फरक! वाहनांची पेटी बघून कुणीही म्हणेल की सतराशेची आशा धरायला हरकत नाही. प्रत्यक्षात साठातले त्रेपन्न क्विंटल बाराशे किंवा त्याच्या खाली गेलेत.

काटापट्टीवर (वजन-भावाच्या पावतीवर) वजन असतंच, त्यामुळे क्विंटलनिहाय पेटी काढायला नवीन काही गोळा करावं लागत नाही.

पाऊसवेडा

मी शेतीतला नाही, पावसाच्या नोंदी ठेवतो. सुट्या ठिपक्यांबद्दल कळकळीनं सांगावंसं वाटतं, कारण ‘कुंपणाबाहेरचा आकडा म्हणजे चूक, पुसून टाका’ असं करणारे पुष्कळ भेटतात.

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला ७३ मिमी. नियम डोळे झाकून लावला तर सांताक्रूझचा आकडा कधीच बाहेर फेकला जाईल. पण मुंबईच्या पावसाच्या नोंदींत सगळ्यात महत्त्वाचा आकडा कुठला असेल तर तो हाच! नाले, पंप, पुलांची उंची हे सगळं त्या एका ठिपक्याकडे बघून ठरवायला हवं. कुंपण एवढंच सांगतं की इथे थांबा आणि चौकशी करा. टंकताना शून्य जास्त पडलं असेल तर दुरुस्त करा. खरं असेल तर तो ठिपका ठळक ठेवा.

दुसरं असं की दीडपटीचं कुंपण बऱ्यापैकी सममित आकड्यांना शोभतं. घंटेच्या आकाराच्या वितरणात हजारातले सातेकच आकडे बाहेर पडतात. रोजचा पाऊस तसा नसतो. वर्षभराचे दिवस घेतले तर निम्म्याहून जास्त कोरडे, म्हणजे पहिला चतुर्थकही शून्य आणि मध्यकही शून्य. पेटी तळाला चिकटते आणि वर ठिपक्यांची नुसती रांग लागते. अशा वेळी फक्त पावसाळी दिवसांची पेटी काढावी आणि कोरडे दिवस किती ते शेजारी लिहावं. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरच्या चार पेट्या शेजारी ठेवल्या की हंगाम डोळ्यांपुढे उभा राहतो.

नीलपेन

मला ब बाजाराकडे परत जायचंय. आकडे नुसते टिंबांनी एका रेघेवर मांडले. ६०० ते ९५० मध्ये पाच टिंबं, मग ३०० रुपयांची मोकळी जागा, मग १२५० पासून पुढे सहा. मला तर हे दोन वेगळे गठ्ठे वाटतात. बॉक्स प्लॉटवर ती मोकळी जागा दिसतच नाही, उलट पेटीचा ऐन मधला भाग तिच्यावर पसरलाय.

गोदाकाठ

त्यात नवल काय. एक गठ्ठा गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, दुसरा मोठ्या कांद्याचा. ज्या भागात शेतकरी कांदाचाळीतून (कांदा साठवायच्या चाळीतून) काढताना प्रतवारी करतो तिथं असंच दिसणार. जिथं मिक्स माल येतो तिथं सगळा बाराशेच्या आसपास.

चाळकरी

काका, मग तर धाग्याच्या सुरुवातीला काढलेला अर्थ अर्धाच राहतो. मी ब ला जोखमीचा बाजार म्हणालो. प्रतवारीप्रमाणे वेगळे करून बघू.

ब, गोल्टी: ६००, ६५०, ७५०, ८००, ९५०. मध्यक ७५०.
ब, मोठा: १२५०, १४५०, १६००, १८००, १९५०, २४००. मध्यक १७००.

ज्याच्याकडे निवडलेला मोठा माल आहे त्यानं ब मध्येच जायला हवं. तिथे त्याच्या मालाचा सगळ्यात पडका भावही १२५० आहे, म्हणजे अ च्या मध्यकाएवढा. ज्याच्याकडे मिक्स माल आहे आणि निवडायला मजूर नाहीत, त्याला अ बरा. एकच पेटी काढली असती तर मोठ्या मालवाल्याला उगाच भीती घातली गेली असती.

म्हणजे पेटी काढण्याआधी विचारायचं की आत एकच जातीचा माल आहे ना. लाल आणि उन्हाळ कांदा तर एका पेटीत कधीच घालू नये, टिकण्यातच जमीन-अस्मानाचा फरक.

शुभदा_सातारा

अगदी. नीलपेन यांनी जे टिंबांनी पाहिलं ते दाखवण्यासाठी व्हायोलिन प्लॉट नावाचा प्रकार १९९८ मध्ये आला, त्यात पेटीभोवती दाटी-विरळीचा आकार काढतात. पण गावच्या फलकावर लावायचं असेल तर पेटी आणि तिच्यावर टिंबं, एवढंच करा. ते कुणालाही वाचता येतं.

थोड्या आकड्यांबद्दलही सावध करते. १९७८ मध्ये मॅकगिल, टुकी आणि लार्सन यांनी पेटीला मध्यकाजवळ खाच पाडायची रीत दिली. खाचेची लांबी दोन्ही बाजूंना १.५७ गुणिले चतुर्थकांमधलं अंतर, भागिले आकड्यांच्या संख्येचं वर्गमूळ. अ साठी ती येते १४२, ब साठी ४९७. म्हणजे अ चा मध्यक १२५० बऱ्यापैकी पक्का, ब चा १२५० मात्र साडेसातशे ते साडेसतराशे यांत कुठेही सरकू शकला असता. दोन बाजारांच्या मध्यकांत पन्नास-शंभराचा फरक दिसला म्हणून लगेच ट्रॅक्टर वळवू नका. खाचा एकमेकींवर येत असतील तर तो फरक दुसऱ्या दिवशी उलटाही होऊ शकतो.

अपर्णा

आता मला नीट उमगलं. मग हे एका दिवसापुरतं न ठेवता आठवड्या-आठवड्याच्या पेट्या शेजारी लावल्या तर? ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी लागली आणि ४ मे २०२४ ला उठली, तेव्हा टीव्हीवर ‘भाव कोसळले’ एवढंच ऐकलं होतं. कोसळले म्हणजे कुणाचे, किती, हे कधी कळलंच नाही.

चाळकरी

ताई, पेट्यांचा खरा उपयोग इथेच आहे. भाव पडणं दोन तऱ्हांचं असतं. एक, पेटीची रुंदी तेवढीच आणि अख्खी पेटी खाली सरकली: सगळ्या मालाला सारखाच फटका. दुसरी, वरची कड जागेवर आणि खालची कड खोल गेली: व्यापाऱ्याने चांगला माल उचलला, हलका माल सोडून दिला. पहिल्या परिस्थितीत चाळीत थांबण्याचा विचार करता येतो. दुसऱ्या परिस्थितीत थांबून कांदा आणखी हलका होणार, तिथे निवडून विकणंच शहाणपणाचं. सरासरी दोन्ही वेळा खालीच आलेली दिसेल, उपाय मात्र वेगळे आहेत.

बाजार समित्यांकडे प्रत्येक वाहनाचा भाव आणि वजन नोंदलेलं असतंच. त्यातून रोज पाच आकडे जाहीर करायला काही अवघड नाही: किमान, पहिला चतुर्थक, मध्यक, तिसरा चतुर्थक, कमाल. तेही क्विंटलवर आणि प्रतवारीप्रमाणे. ही मागणी आपण शेतकऱ्यांनी लावून धरली पाहिजे. तोवर आपापल्या गावात काटापट्ट्या एकत्र करू.

गोदाकाठ

आमच्या गल्लीतल्या पट्ट्या मी गोळा करतो. कागदावर काय काय लिहून घ्यायचं तेवढं सांगा, पोराकडून टाकून घेतो.

चाळकरी

काका, सहा रकाने पुरे: तारीख, बाजार, लाल की उन्हाळ, प्रत (गोल्टी, मध्यम, मोठा, मिक्स), निव्वळ क्विंटल, भाव. नाव-गाव लिहू नका, लोक मोकळेपणाने पट्टी देतील. भाव पट्टीवरचाच घ्या, तोंडी नको. आणि ज्या दिवशी एका प्रतीची पाच-सहाच वाहनं असतील त्या दिवशी पेटी न काढता नुसती टिंबं मांडू.

नीलपेन

क्विंटलचा भार धरून चतुर्थक काढणारी शीट मी बनवतो, रविवारी इथेच टाकेन. रीत शुभदाताईंच्या पाठ्यपुस्तकातलीच ठेवतो, म्हणजे हातानं पडताळता येईल.